तीन ताऱ्यांचं हरीण

दुर्बीण हरणावर रोखली की पडद्यावर त्याच्या नावाशेजारी तारे उमटतात. एक तारा म्हणजे कातडं टाकाऊ, दोन म्हणजे बरं, तीन म्हणजे परफेक्ट. ‘अव्वल’, ‘निर्दोष’ असे शब्द मी तोंडात घोळवून पाहिले, पण खेळणारं कुणी तसं बोलत नाही. माझा भाचाही ‘मामा, परफेक्ट मिळालं का?’ असंच विचारतो. पहिल्या रात्री मी हरीण बघत होतो. ते कान कसे हलवतं, पाणी पिता पिता मान वर करून कसं थबकतं, गवतातून चालताना पाय किती अलगद टाकतं. चौथ्या-पाचव्या रात्री लक्षात आलं की आता आपण नुसते तारे बघतोय. दोनच दिसले की मनातल्या मनात ‘छे’ म्हणायचं आणि दुर्बीण पुढच्या हरणाकडे वळवायची.

या व्हिडिओ गेमचं नाव ‘रेड डेड रिडेम्प्शन २’. रॉकस्टार गेम्सनं तो २०१८ च्या ऑक्टोबरात आणला. साल १८९९, अमेरिकेच्या नकाशावर नसलेली पण बघताक्षणी ओळखू येणारी पाच राज्यं, आणि डच व्हॅन डर लिंडच्या टोळीतला आर्थर मॉर्गन नावाचा दरोडेखोर. बँका आणि आगगाड्या लुटणं हा धंदा. पण कथेला खुशाल थांबायला सांगून माणूस आठवडेच्या आठवडे रानात भटकू शकतो, आणि पुष्कळजण तेच करतात. मीही केलं. जवळपास २०० जातींचे प्राणी या जगात आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांचं कातडं, पीस नाहीतर मांस कुठे ना कुठे विकलं जातं.

अशा खेळांबद्दल आपल्याकडे वाद होतो तो ठरलेल्या दोन बाजूंनी. एका बाजूला पालक आणि प्राणिप्रेमी: मुलं निबर होतील, जनावर मारण्यात मजा असते असं त्यांना वाटेल, बंदी नाही तर निदान चाप तरी लावा. दुसऱ्या बाजूला खेळणारे: अहो, ते रंगाचे ठिपके आहेत, कुणाच्या जिवाला काय झालं? मला या भांडणात फार दम वाटत नाही. धनुष्यबाण घेऊन ताडोबाकडे निघालेला एकही गेमर माझ्या पाहण्यात नाही, आणि वखवखलेल्या माणसाला शिकारीसाठी कधी पडद्याची गरज पडलेली नाही. माझी तक्रार निराळीच आहे. या जगात कितीही मारलं तरी काही म्हणता काही संपत नाही. आणि नेमकं हेच, त्या देशाच्या त्या काळाबद्दल सांगता येण्यासारखं सगळ्यात मोठं खोटं आहे.

आधी श्रेय द्यायचं ते देतो, कारण हा खेळ आळशी लोकांनी केलेला नाही. शिकार इथे सोपी नाही. वारा कुठून येतोय ते बघावं लागतं, घोडा लांब बांधून उरलेलं अंतर वाकून चालावं लागतं, जमिनीवरचा माग काढावा लागतो. हत्यार सावजाप्रमाणे हवं. खारीला किंवा चिमणीएवढ्या पक्ष्याला लहान सावजासाठीचा वेगळा बाण, सशाला आणि रॅकूनला हलकी व्हार्मिंट रायफल, हरणाला धनुष्य, अस्वलाला आणि एल्क या मोठ्या हरणाला मोठी रायफल. चुकीचं हत्यार वापरलं की तीन ताऱ्यांचं जनावर दोन ताऱ्यांवर येतं, दुसरी गोळी घालावी लागली की आणखी खाली. नेम डोक्यात किंवा काळजात बसला तर जनावर जागीच कोसळतं. नाहीतर ते रक्त सांडत पळतं, कुठेतरी झुडपात पडतं आणि ओरडत राहतं. तो आवाज खेळ बनवणाऱ्यांनी काढून टाकलेला नाही. कातडं सोलतानाही कॅमेरा हलत नाही. आर्थर गुडघ्यावर बसतो, सुरी चालवतो, ओलं कातडं गुंडाळी करून खांद्यावर टाकतो, आणि मागे गवतात ते लालभडक उघडं धूड तसंच राहतं. दोन दिवसांनी त्याच वाटेनं आलात तर ते कुजलेलं दिसतं, वर गिधाडं. मारल्याचं ओझं अंगावर यावं इतपत प्रामाणिकपणा या खेळात नक्कीच आहे. दुसऱ्या कुठल्या खेळात मी तो पाहिलेला नाही.

पण हे सगळे कष्ट कशासाठी? टोळीच्या तळावर पिअर्सन नावाचा स्वयंपाकी आहे. २२५ डॉलरची चामड्याच्या कामाची अवजारं त्याला आणून दिली की तो झोळ्या शिवून देतो. प्रत्येक झोळीला तीन कातडी लागतात आणि तिन्ही परफेक्ट. बिजूचं, खारीचं, बीव्हरचं (हा ओढ्यांत बांध घालणारा केसाळ प्राणी), सशाचं, रानडुकराचं, इग्वानाचं, आणि प्रत्येक झोळीत एक हरणाचं. सहा झोळ्या झाल्या की सातवी, सगळ्यात मोठी, जिच्यात प्रत्येक वस्तू ९९ मावतात. तिला कूगर या मोठ्या रानमांजराचं आणि लांडग्याचंही कातडं लागतं. (कूगरच्या परफेक्ट कातड्यापायी आर्थर माझ्या हातून किती वेळा मेला, ते भाच्याला विचारा. तो आनंदानं सांगेल.) शिवाय सेंट डेनिस शहराच्या बाजारात ट्रॅपर, म्हणजे कातडी घेणारा व्यापारी, आहे. तो टोप्या, कोट, जॅकेटं शिवतो. त्यालाही परफेक्टच माल हवा.

म्हणजे नेम अचूक हवा तो जनावराला कमी यातना व्हाव्यात म्हणून नव्हे, तर कातड्याला भोक पडू नये म्हणून. जुना शिकारीही म्हणायचा की एका गोळीत काम झालं पाहिजे, आणि व्यापारीही तेच म्हणायचा. दोघांचं म्हणणं ऐकायला सारखंच लागतं, आणि खेळात ते इतकं बेमालूम मिसळलेलं आहे की आपण दयाळू झालोय की चोखंदळ, हे खेळणाऱ्याला कळत नाही. मला तरी बरेच दिवस कळलं नाही.

व्यापाऱ्याची ही नजर खेळवाल्यांनी मनानं रचलेली नाही, ती फार जुनी आहे. १६७० मध्ये स्थापन झालेल्या, उत्तर अमेरिकेत कातड्यांचा व्यापार करणाऱ्या हडसन बे कंपनीच्या वखारींमध्ये नाण्यांऐवजी ‘मेड बीव्हर’ नावाचं माप चालायचं: पूर्ण वाढलेल्या बीव्हरचं, थंडीतलं, उत्तम स्थितीतलं एक कातडं. बंदूक किती मेड बीव्हरला, घोंगडी कितीला, तंबाखू कितीला, असा हिशेब. परफेक्ट कातडं हेच चलन होतं. मात्र ते परफेक्ट ठरायचं वेगळ्या कसोट्यांवर. हत्याराचा प्रश्न फारसा नसायचाच, कारण लोकरदार जनावरं बहुतांशी सापळ्यात धरायची. ऋतू महत्त्वाचा. हिवाळ्यात केस दाट आणि कातडं आतून पांढुरकं. अवेळी मारलेल्या जनावराचं कातडं आतून निळसर-काळपट दिसतं, आणि तेवढ्यावरून व्यापारी भाव पाडायचा. त्यानंतर सोलणं, खरवडणं, ताणून वाळवणं. खेळात ऋतू नाहीत. डोंगरावर कायम बर्फ, दलदलीत कायम उकाडा, आणि तारे नशिबाप्रमाणे. जनावर कोणत्या महिन्यात विणीला येतं, कधी सोडून द्यायचं, हे ज्ञान ज्याच्यावर शिकाऱ्याचं पोट चालायचं, ते इथे लागतच नाही.

आता बायसन. आपल्याकडे गव्याला पुष्कळदा बायसन म्हणतात, त्याची गल्लत नको. हा उत्तर अमेरिकेतला, पुढून झुलीसारखा केसाळ, मागून आखूड केसांचा. गोरे लोक मैदानांवर पसरण्यापूर्वी त्यांची संख्या तीन ते सहा कोटी असावी असा अंदाज करतात. त्यांचं केसाळ कातडं आधीपासून विकलं जायचं, थंडीत पांघरायला. त्या व्यापारात माद्यांना मागणी जास्त, कारण त्यांचं कातडं मऊ आणि कमवायला सोपं. म्हणजे परफेक्ट निवडण्याच्या नादात जी वासरं देणार, तीच आधी जात होती. मग १८७१ च्या सुमारास बायसनचं जाड कातडं कमावून कारखान्यांतल्या यंत्रांचे पट्टे करण्याची रीत सापडली आणि ऋतूचीही अडचण उरली नाही. उन्हाळ्यातलं विरळ केसांचं कातडंही चालू लागलं. रेल्वे तोवर मैदानात पोचली होती. लांब पल्ल्याची शार्प्स रायफल घेऊन एक माणूस टेकाडावर बसायचा, मागून सोलणाऱ्यांची गाडी. कातडं आणि कधी जीभ घ्यायची, बाकी सगळं तिथेच. नवशिक्यांनी सोललेली, नीट न वाळवलेली कितीतरी कातडी तर नुसतीच वाया गेली. १८७४ मध्ये बायसनच्या रक्षणाचा कायदा संसदेनं मंजूर केला. राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी त्यावर सहीच केली नाही. बायसन गेले की मैदानातल्या मूलनिवासींना वसाहतींत कोंबणं सोपं होईल, असा हिशेब लष्करातले अधिकारी उघड मांडत होते. १८८३ पर्यंत दक्षिणेचे आणि उत्तरेचे दोन्ही मोठे कळप संपले. पुढची काही वर्षं लोक माळावरची हाडं गोळा करून खतासाठी विकत राहिले.

या कथेत विल्यम हॉर्नडे नावाचा एक माणूस आहे, आणि मला तो आर्थर मॉर्गनपेक्षा जास्त गुंतागुंतीचा वाटतो. हा जनावरांमध्ये पेंढा भरून ती जिवंत भासतील अशी उभी करणारा कारागीर. १८७० च्या दशकात तो आपल्याकडेही येऊन गेला होता. अण्णामलाईच्या रानात त्यानं संग्रहालयांसाठी वाघ आणि हत्ती मारले. १८८६ मध्ये वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात काम करताना त्यानं बायसनचे नमुने मोजले तर ते अगदी मोजके निघाले. मग तो मोंटानात गेला, उरलेसुरले बायसन शोधत. ते संपत आलेत हे त्याला नीट ठाऊक होतं, किंबहुना म्हणूनच तो गेला होता. त्यानं विसाहून अधिक मारले, चांगल्यातले चांगले निवडून. त्यातल्या सहांचा देखावा संग्रहालयात उभा राहिला. लोकांनी डोळे भरून पाहिला. त्यानं स्वतःच्या मनाची घातलेली समजूत अशी: मी सोडले तर कातडंवाले मारतीलच, मग निदान काचेआड तरी राहू देत.

याच माणसानं १८८९ मध्ये बायसनची मोजदाद छापली. सगळ्या उत्तर अमेरिकेत, बंदिस्त धरून, १,०९१. अमेरिकेत मोकळ्या रानात कुणाच्याही राखणीशिवाय फिरणारे, ८५. पुढे तो न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयाचा संचालक झाला आणि बायसन वाचवणाऱ्यांचा म्होरक्या. त्याला संत करण्याचं कारण नाही. १९०६ मध्ये याच प्राणिसंग्रहालयात त्यानं काँगोतल्या ओटा बेंगा या तरुणाला माकडांच्या घरात लोकांना बघायला ठेवलं. जिवंत वस्तूकडे ‘नमुना’ म्हणून बघायची सवय एकदा जडली की ती कुठे थांबेल याचा भरवसा नसतो.

आता खेळाकडे परत. त्यातले १८९९ चे बायसन कसे आहेत? हार्टलँड्सच्या माळावर हवे तेव्हा, हवे तेवढे. मारा, सोला, पुढे जा, तळावर झोपा, परत या. पुन्हा कळप चरतोय. खेळाच्या बाजूनं एवढं सांगायला हवं की आर्थरचा साथीदार चार्ल्स, ज्याची आई मूलनिवासी होती, एका प्रसंगात माळावर मारून टाकून दिलेले बायसन बघतो आणि त्याचा संताप अनावर होतो. प्रसंग छान लिहिलाय. पण तो संपतो, चार्ल्स निघून जातो, आणि खेळणारा त्याच माळावर परफेक्ट कातड्यासाठी चौथा बायसन पाडतो. कथा एक सांगते आणि हात दुसरंच शिकतात. मला हातांची शिकवण जास्त खोल जाते असं वाटतं. कथेतले संवाद मी विसरलो, पण कुठल्या जनावराला कुठला बाण हे अजून पाठ आहे.

याहून बोचणारी गोष्ट दोन ताऱ्यांच्या जनावरांची. परफेक्ट हरीण दिसेना म्हणून वाट बघून कंटाळलेला खेळाडू काय करतो? समोरची एक-दोन ताऱ्यांची हरणं मारून टाकतो किंवा हाकलतो, म्हणजे त्यांच्या जागी नवी येतील आणि त्यात एखादं तीन ताऱ्यांचं असेल. मीही केलंय हे. एका रात्रीत सात-आठ हरणं, एकाचंही कातडं न काढता. खेळानं मला काही म्हटलं नाही. समुद्रावर मासेमारीत हे रोज होतं: मोठा, भावाचा मासा ठेवायचा आणि लहान मेलेला मासा परत पाण्यात फेकायचा. तिथे त्याला गैरप्रकार म्हणतात, पुष्कळ देशांत त्यावर नियम आहेत. इथे ते हुशारीचं समजलं जातं, आणि अनुभवी खेळाडू नवख्याला ते मोठ्या मायेनं शिकवतात.

आणि खरोखरच्या रानात परफेक्टच्या मागे लागलं की परफेक्टच संपतं. कॅनडात अल्बर्टातल्या राम माउंटन डोंगरावर मोठ्या शिंगांच्या रानमेंढ्यांचा पिढ्यान् पिढ्या अभ्यास झालाय. शिकाऱ्यांना मोठ्या शिंगांचेच नर हवे असायचे. २००३ मध्ये त्या अभ्यासकांनी मांडलं की तीसेक वर्षांत नरांची शिंगं आणि वजन दोन्ही घटलं. किती घट शिकारीमुळे आणि किती इतर कारणांनी, यावर पुढे शास्त्रज्ञांत बरीच वादावादी झाली, ती असो. मोझांबिकमधल्या गोरोंगोसाचं उदाहरण जास्त थेट आहे. १९७७ ते १९९२ च्या यादवीत दोन्ही बाजूंच्या फौजांनी हस्तिदंतासाठी हत्ती मारले, दहांतले नऊ गेले. सुळे नसलेल्या हत्तिणी साहजिकच वाचल्या. युद्धापूर्वी माद्यांमध्ये बिनसुळ्यांचं प्रमाण अठरा टक्क्यांच्या आसपास होतं, युद्धानंतर ते निम्म्यापर्यंत गेलं, आणि हा बदल अनुवंशिक असल्याचं २०२१ मध्ये दाखवून दिलं गेलं. खेळातलं शंभरावं हरीण पहिल्याइतकंच तीन ताऱ्यांचं असू शकतं. रानात तसं नसतं. तिथे आपण घेऊन गेलेले तारे पुढच्या पिढीतून वजा होतात.

इथे मला आमच्या बाजूचं एक आठवतं. माझ्या आजोळी ओटीवर सांबराची शिंगं टांगलेली होती. आजोबांच्या हाक्याच्या, मचाणावरच्या गोष्टी त्या शिंगांखाली बसून ऐकल्या. १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि काही वर्षांत शिंगं गुपचूप माळ्यावर गेली. माझ्या पिढीतल्या मराठी माणसाच्या आयुष्यात शिकार उरली ती गोष्टीत नाहीतर पडद्यावर, म्हणून कदाचित हा खेळ मला इतका धरून ठेवतो. आजोबांच्या गोष्टींमध्ये फासेपारधी यायचे, बहुतेक वेळा चोर म्हणूनच. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं ज्यांच्यावर गुन्हेगार म्हणून शिक्का मारायला सुरुवात केली, त्या जमातींमध्ये पारधीही आले. पण याच फासेपारध्यांची रीत माधव गाडगीळांसारख्या अभ्यासकांनी नोंदवून ठेवली आहे: फाशात गाभण हरणी किंवा पाडस सापडलं तर ते सोडून द्यायचं. दया असेल, हिशेब असेल, बहुधा दोन्ही. पण निवड बघा. काय न्यायचं हे ठरवण्याआधी काय ठेवायचं हे ठरलेलं. तीन ताऱ्यांच्या नजरेत ही निवड नाहीच. तिला मागे राहिलेलं दिसतच नाही.

‘खेळ आहे, त्यात रान संपलं तर खेळाडू अडकून पडेल’ हे उत्तर मला कुणी देईल, तर मी रॉकस्टारच्याच दोन गोष्टी पुढे करीन. याच मालिकेतला २०१० चा खेळ १९११ सालात घडतो. त्यात ग्रेट प्लेन्सवर मोजकेच बायसन होते, आणि मारले की पुन्हा येत नव्हते. सगळे मारून टाकले तर खेळाडूला एक बक्षीस मिळायचं. बक्षिसाचं नाव होतं ‘मॅनिफेस्ट डेस्टिनी’, म्हणजे सगळा खंड गोऱ्यांचाच होणार, ही देवाचीच योजना आहे, असं सांगणारी एकोणिसाव्या शतकातली अमेरिकन घोषणा. टोमणा जबरदस्त होता. बक्षिसाच्या यादीत तो लपवलेला होता खरा, पण माळ रिकामा झाल्यावर रिकामाच राहायचा, आणि ते नंतर खेळभर डोळ्यांत सलायचं.

दुसरी गोष्ट २०१८ च्या खेळातलीच. दलदलीच्या भागात कॅरोलिना पोपट आहेत. हिरवे, पिवळ्या डोक्याचे, थव्यानं उडणारे. त्यांना मारत राहिलात तर ते त्या जगातून कायमचे नाहीसे होतात. २०० जातींमध्ये ही एकच. खऱ्या इतिहासात शेतकऱ्यांनी पिकं खातात म्हणून त्यांना मारलं, आणि पिसांसाठी टोपीवाल्यांनी. एखादा पोपट जखमी होऊन पडला की बाकीचा थवा त्याच्या ओरडण्याकडे परत यायचा, त्यामुळे एका जागी उभं राहून सगळे मारता येत. शेवटचा पाळीव पोपट, इन्कास नावाचा, १९१८ च्या फेब्रुवारीत सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेला. टोप्यांचा सोस किती होता त्याची एक नोंद प्रसिद्ध आहे. १८८६ मध्ये फ्रँक चॅपमन या पक्षिअभ्यासकानं न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर हिंडत बायकांच्या टोप्या मोजल्या. ७०० पैकी ५४२ टोप्यांवर पक्षी किंवा पिसं. खेळात सेंट डेनिसमधला एक विक्षिप्त गृहस्थ आर्थरकडून बगळ्यांची पिसं मागवून घेतो ती असल्याच हौसेपायी. बगळे मात्र संपत नाहीत.

तर मग एका पोपटाला जो न्याय लावला तो हरणाला, बीव्हरला, बायसनला का नाही? तंत्र अवघड आहे असं म्हणायला जागा नाही, ते हातात होतं. मला वाटतं कारण साधं आहे. कातडी हा खेळातल्या प्रगतीचा रस्ता केला गेला, आणि रस्ता मधेच संपून चालत नाही. सगळ्या जातींचं कातडं एकदा तरी काढलं तर मिळणारं एक पदकही आहे. असं पदक ठेवलं की जात संपू देता येत नाही. म्हणजे दुकान चालू ठेवायला रान अमर करावं लागलं. खेळ बनवणाऱ्यांकडे माझं मागणं एवढंच की हे उलटं करून बघावं. एका खोऱ्यात फार शिकार झाली तर तिथली हरणं विरळ व्हावीत, बुजरी व्हावीत, तीन ताऱ्यांची दिसेनाशी व्हावीत. ट्रॅपरनं म्हणावं, हल्ली चांगला माल येत नाही. सेंट डेनिसच्या वर्तमानपत्रात कोपऱ्यात चार ओळी याव्यात. खेळाडू वैतागेल, हो. १८८३ चा कातडंवालाही वैतागला होता. गाड्या-बैल जुंपून नव्या हंगामाला निघाला आणि कळपच सापडेना. तो वैताग अनुभवायला मिळणं हीच या माध्यमाची खरी ताकद आहे. पुस्तक मला ८५ हा आकडा सांगू शकतं. त्या ८५ पर्यंत माझ्या हातानं नेणं फक्त खेळालाच शक्य आहे.

आणि हा खेळ कशाबद्दल आहे ते तर बघा. सुरुवातीलाच तो सांगतो की बंदूकबाजांचं युग संपत आलंय. साठ-साठ तास तो हेच सांगत राहतो. डचची टोळी मागे मागे सरकते, रेल्वे येते, पिंकर्टन या खाजगी गुप्तहेर कंपनीचे हेर येतात, तेल काढणारे येतात, एकेक माणूस गळत जातो. आर्थर स्वतः क्षयानं खोकत खोकत संपतो. माणसांचा अंत एवढ्या तपशिलानं लिहिणाऱ्यांनी जनावरांना मात्र अंतच ठेवला नाही. एक युग मावळताना दाखवायचं आणि ते ज्याच्या जिवावर उभं होतं ते सगळं ताजंच्या ताजं ठेवायचं, याला माझ्या दृष्टीनं हळवेपणा म्हणतात.

उत्तरकथा १९०७ सालात जाते. आर्थर नाही, त्याच टोळीतला जॉन मार्स्टन आहे, ग्रेट प्लेन्सवर त्याचं स्वतःचं नवं घर आहे. घराबाहेर पडलं की माळावर बायसन. मी मोजत नाही आता, पण भरपूर आहेत. खऱ्या १९०७ च्या ऑक्टोबरात हॉर्नडेच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातून १५ बायसन पेट्यांमध्ये घालून आगगाडीनं ओक्लाहोमाला पाठवले गेले, विचिटाच्या राखीव रानात सोडायला. गाडी पोचली तेव्हा स्टेशनवर कोमांची जमातीचे मूलनिवासी जमले होते, त्यांचा पुढारी क्वाना पार्करही. म्हाताऱ्यांनी लेकरांना उचलून पेट्यांच्या फटींतून दाखवलं, कारण त्या मुलांनी जिवंत बायसन कधी पाहिलाच नव्हता. खेळातल्या १९०७ मध्ये आगगाडी आहे, स्टेशन आहे, बायसन तर आहेतच. ती गर्दी तेवढी नाही.